रेफर झालेली बाळं पुढं गेली कुठं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात नवजात बाळांचे कान मशीनवर तपासतात आणि वर्षभरात शेकडो बाळं तपासून झाली, अशी. फोटोत मशीन होतं, साहेब होते, आईच्या मांडीवर झोपलेलं बाळ होतं. वाचून बरं वाटलं आणि लगेच जीव खालीवर झाला. किती बाळं तपासली ते छापलं होतं. त्यातल्या किती बाळांचा निकाल शंकेचा आला आणि ती बाळं आज कुठं आहेत, याबद्दल एक ओळही नव्हती. बातमीदाराला मी दोष देत नाही. त्यानं विचारलं असतं तरी तो आकडा कोणाच्या टेबलावर सापडला असता असं मला वाटत नाही. ज्या रजिस्टरांतून असे आकडे वर जातात ती रजिस्टरं मी एकतीस वर्षं भरली आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे. गावात मला अजून नर्सबाईच म्हणतात. हे पत्र लांबणार आहे, पण कृपा करून कापू नका, कारण सांगायची गोष्ट एका पोरीपासून सुरू होते आणि ती मधून तोडली तर कळणार नाही.

या पोरीची आई आमच्या गावची सून. तिचं माहेर वर्धा नदीच्या पलीकडे, म्हणजे वर्धा जिल्ह्यात. अंतर म्हणाल तर एसटीनं तासाभराचं, पण सरकारी कागदासाठी तो दुसरा मुलूख. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, तिकडच्याच दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर डिंकाचे लाडू, बाळंतविडा, पाळणा सगळं घेऊन सासरी परतली आणि दीड महिन्याच्या लसीला माझ्याकडे आली. मी लस दिली, नोंद घेतली, वजन केलं. कार्ड चाळताना मागच्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं लिहिलेलं दिसलं: ओएई, म्हणजे कानाची मशीनवरची तपासणी, आणि त्याच्यापुढं इंग्रजी आर हे अक्षर. मला वाटलं, उजवा कान तपासला, झालं. उजव्याचाही आर आणि रेफरचाही, म्हणजे 'पुन्हा तपासा'चाही, आरच. मला कोणी हे कधी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. हे मी आज लिहून देते आहे, कारण ते अक्षर वाचणारी शेवटची आरोग्य कर्मचारी मीच होते.

तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. जन्मतः बहिरं मूल बाहेरून ओळखू येत नाही. ते रडतं, हसतं, आईकडे टक लावून पाहतं, चार-पाच महिन्यांचं झालं की हुंकारही देतं. आपण मागं उभं राहून टाळी वाजवतो, ते मान वळवतं, आपण लिहितो 'सामान्य'. त्यानं आपली सावली पाहिलेली असते किंवा टाळीची हवा मानेला लागलेली असते. अंगणवाडीत तपासणीला पथक आलं तेव्हाही त्या पोरीची टाळीवरच तपासणी झाली. घरचे म्हणायचे, हिचा बापही उशिरानंच बोलला होता.

मग तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून मारुतीच्या पारापुढं आणतात आणि मग घरोघर बोजारा मागत फिरतात. ही पोर तीन वर्षांची, नवं परकर-पोलकं घातलेली, डफड्याच्या ठेक्यावर मस्त नाचत होती. डफडं थांबलं. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवत. सगळी पोरं बाजूला पळाली. ती मात्र रस्त्यात बसून नंदीचं निघालेलं चाक बसवत राहिली. तिच्या आजीनं धावत जाऊन दंड धरून ओढलं. मी तिथंच उभी होते. माझ्या पोटात गोळा आला.

आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "आवाज देल्ला तं वयून पाह्यत नाही बाई ते कधी कधी. पण डफड्यावर नाचते ना! ऐकू येत नसतं तं नाचली असती काय?" त्या म्हातारीचं काय चुकलं? डफड्याचा ठोका छातीत लागतो, पायाखालच्या मातीतून कळतो. त्याला कान लागत नाहीत.

नागपूरला बेरा तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून करतात ती. दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण निघालं. तेव्हा पोर तीन वर्षं चार महिन्यांची होती. तिच्या आईनं घरी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं, रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेलं, एका कडेला हळदीचा डाग. कोपऱ्यातल्या त्या अक्षरावर बोट ठेवून ती म्हणाली, "मशीनवाली बाई म्हणाली व्हती, महिनाभरानं आणा. पण कुठं आणा ते नाही सांगतलं. अन् महिनाभरानं तं मी इकडं आली."

त्यानंतर एक दिवस सुट्टी टाकून मी नदीपलीकडच्या त्या दवाखान्यात गेले. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या सिस्टर रात्रंदिवस राबतात आणि त्यांच्यावर ठपका ठेवून काही साधणार नाही. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, कडेला लाल कापड. मी आमच्या सुनेचं नाव शोधत बसले, सापडेना. कारण तिकडे तिचं नाव माहेरचं लागलेलं, आधारकार्डावर अजून बापाचंच नाव होतं. बाळाला नाव नव्हतंच, बारसं व्हायचं होतं, म्हणून 'बेबी ऑफ'. मोबाइल नंबर भावाचा, तो केव्हाच बंद पडलेला. शेवटी जन्मतारीख आणि २ किलो ३०० ग्रॅम वजन यावरून ओळ सापडली. उजवा कान आर, डावा कान आर, शेऱ्यात 'एक महिन्यानं'. बस. त्याच्यापुढं काही लिहायला रकानाच नव्हता. रकाना नसला तर माणूस काय लिहिणार?

त्याच पानावर आणखी तीन आर होते. त्यांच्यापुढंही तेवढंच. मी ती तीन नावं आणि गावं माझ्या वहीत उतरवून आणली. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, रविवारी निघत होते. पहिलं घर सापडलं. त्या बापानं बाळाला तेव्हाच खाजगी डॉक्टरकडे नेऊन पुन्हा तपासलं होतं, दोन्ही कान चांगले निघाले होते, पोर खणखणीत बोलत होती. रजिस्टरात मात्र ती अजून शंकेचीच आहे. दुसऱ्या घरचे वीटभट्टीवर गेले होते, होळीनंतर येतात म्हणाले. होळीनंतर गेले तर पोरगा घरी होता. चार वर्षांचा, उजव्या कानानं ऐकायचा, डाव्यानं नाही. त्याच्या आईला हे आधीपासून माहीत होतं, फक्त त्याची तपासणी कुठं होते ते माहीत नव्हतं. तिसऱ्या बाळाचं घर मला सापडलं नाही.

एका पानावर चार आर, आणि चार वेगळ्या गोष्टी. दवाखान्यातून वर जो मासिक अहवाल गेला असेल त्यात या चौघांचं मिळून काय गेलं असेल? 'तपासणी झालेली बाळं' या आकड्यात चारची भर.

मला जे म्हणायचं आहे ते हेच. आपण तपासण्या मोजतो, बाळं मोजत नाही. बाळाच्या नावानं एक ओळ सुरू व्हावी आणि त्या बाळाला ऐकू येतं किंवा त्याच्या कानाला यंत्र लागलं असं पक्कं होईपर्यंत ती ओळ बंद होऊ नये. सरकारनं ही माहिती अशी ठेवावी यासाठी हे पत्र आहे.

ही तपासणी म्हणजे काय ते आईबापांसाठी थोडं सांगते. ओएई मशीनचं रबरी टोक बाळाच्या कानात ठेवतात, मशीन बारीक आवाज सोडतं, आणि कानाच्या आतला शंख चांगला असेल तर तो आवाजाला उत्तर देतो, ते उत्तर मशीन टिपतं. दुखत नाही, सुई नाही. बाळ झोपलेलं हवं आणि खोली शांत हवी. आपल्या बाळंतिणींच्या वॉर्डात ते शांतपण मिळणं किती अवघड, हे ज्यांनी तो वॉर्ड पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जन्मल्यावर पहिल्या दिवशी कानात चिकट मळ आणि पाणी असतं, त्यामुळे चांगल्या कानाचाही निकाल पुष्कळदा 'रेफर' येतो. अशी बहुतेक बाळं दुसऱ्या तपासणीत पास होतात. म्हणून घाबरायचं नाही, पण दुसरी तपासणी चुकवायची नाही. कमी दिवसांचं, कमी वजनाचं, जास्त कावीळ झालेलं, काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ असेल तर ओएईबरोबर बेराही हवी, कारण ओएई शंखापर्यंतच पाहतं, त्याच्या पुढची नस पाहत नाही. आणि असं कुठलंच कारण नसलेल्या घरातही बहिरं मूल जन्मतं. जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत जोखमीचं कुठलंच लक्षण आधी नसतं. म्हणून जोखमीची तेवढी तपासू, असं करून चालत नाही.

आणखी एक शब्दाची गोष्ट. खेड्यात 'रेफर' म्हटलं की काय समजतात ते ठाऊक आहे ना? "नागपूरला रेफर केलं" म्हणजे माणूस काही वाचत नाही. बाळाच्या आईला बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी हा शब्द सांगितला तर एक तर ती हबकते, नाही तर बाळ तर चांगलं दूध पितंय म्हणून सोडून देते. कार्डावर मराठीत 'पुन्हा तपासा' लिहा, तारीख लिहा, जागा लिहा.

जगभर यासाठी एक हिशेब धरला जातो: एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. सहा महिन्यांचीच घाई का, तर अमेरिकेत कोलोराडो राज्यात अशा मुलांचा अभ्यास झाला आणि १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखलं गेलं त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा खूपच चांगली वाढली. मेंदू भाषा शिकायला त्या काळात बसलेला असतो. आमच्या पोरीचं निदान तीन वर्षांनंतर झालं.

आपल्याकडे योजना नाहीत असं नाही. कानांच्या आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला आणि त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत बहिरेपण पहिल्यापासून आहे. संशयित बाळासाठी जिल्ह्याला डीईआयसी, म्हणजे लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र, ही व्यवस्था आहे. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, मदत मिळते, पण वय पाच वर्षांच्या आत हवं. म्हणजे माहिती उशिरा मिळाली तर योजना असूनही दार बंद. या पोरीची शस्त्रक्रिया साडेचार वर्षांची असताना झाली, तीही तिच्या बापानं दाखल्यांसाठी तालुक्याच्या किती चकरा मारल्या तेव्हा. आणखी सहा महिने गेले असते तर तीही हुकली असती.

हा आजार नोंदीतून का निसटतो, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या उपकेंद्राची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला पाऊणशे बाळं. हजारात एक ते तीन बाळं जन्मतः बहिरी असतात असं धरलं, तर एका आरोग्यसेविकेला सबंध नोकरीत अशी दोन ते सात बाळं भेटतील. पाच-दहा वर्षांत एखादं. मग हा प्रश्न आपल्या गावात आहे असं तिला वाटावं तरी कसं? गोवर दिसतो, कुपोषण दिसतं, हे दिसत नाही. पण जिल्ह्याचा हिशेब मांडा. यवतमाळची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसत्तावीस लाखांवर होती. म्हणजे वर्षाला चाळीस हजारांहून जास्त जन्म आणि त्यांत चाळीस ते सव्वाशे अशी बाळं, दरवर्षी. गावात दिसत नाही ते जिल्ह्याच्या वहीत दिसतं, पण त्यासाठी ती वही हवी. जनगणनेत मोजणी होते, २०११ मध्ये देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले पन्नास लाखांवर लोक नोंदले गेले, पण ती दहा वर्षांनी एकदा, आणि तोवर बाळाचं बाळपण संपलेलं असतं.

अमेरिकेतही हे सोपं गेलेलं नाही, हे वाचून मला धीर आला. तिथं ९७-९८ टक्के बाळांची पहिली तपासणी होते. सीडीसी नावाची त्यांची सरकारी संस्था दरवर्षी राज्याराज्यांतून आकडे मागवते. २००५ च्या सुमारास तिथंही पहिल्या तपासणीत पास न झालेल्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांचं पुढं काय झालं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी ते लपवलं नाही, तो आकडाच वर्षानुवर्षं छापला, आणि छापत गेले तसा तो कमी होत गेला. त्यांनी आणखी एक समजुतीचं काम केलं. बाळ आलंच नाही आणि बाळ कुठंतरी तपासलं गेलं पण कागद आला नाही, या दोन गोष्टी असतात हे त्यांनी मान्य केलं. आमच्या त्या पानावरच्या खाजगी डॉक्टरकडे गेलेल्या पोरीची गोष्ट हीच तर आहे. तिच्यासाठी मशीन नको, फक्त एक कागद हवा.

इतक्या लांब जायला नको. केरळात कोचीला २००३ पासून एकच मशीन आणि एक शिकलेली व्यक्ती घेऊन वेगवेगळ्या दवाखान्यांत, खाजगी दवाखान्यांतसुद्धा, फिरून बाळं तपासायची पद्धत सुरू झाली. प्रत्येक दवाखान्याला मशीन घ्यावं लागलं नाही, आणि नोंदी एका ठिकाणी जमल्या. त्याहून जवळचं उदाहरण आपल्या गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याबरोबर खेड्यातल्या बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांच्या नोंदी ठेवल्या, घरीच काळजी घेतली, आणि बालमृत्यू खाली आले. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई बाळाच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचं मूळ विदर्भातल्या त्या कामात आहे. खेड्यातल्या थोडं शिकलेल्या बायकाही नीट नोंद ठेवू शकतात, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे.

म्हणून माझ्या सूचना नव्या योजनेच्या नाहीत, आहे त्याच वहीच्या आहेत.

प्रत्येक गरोदर बाईला सरकारी माता-बाल नोंदणीचा आरसीएच नंबर मिळतो. तो कार्डावर असतो, माहेर-सासर बदललं तरी बदलत नाही. कानाच्या तपासणीचं रजिस्टर त्या नंबरानं भरा, नावानं नको. त्यात तीन तारखांचे तीन रकाने ठेवा: तपासणी कधी, निदान कधी, यंत्र कधी. दोन मोबाइल नंबर घ्या, एक माहेरचा आणि एक सासरचा, आणि दोन गावं लिहा, कारण सव्वा महिन्यानं बाळ कुठं असेल ते आईच सांगू शकते. तिला फक्त विचारायला हवं: सासरी कधी जाणार? निकालासाठी एक अक्षर नको. पास, पुन्हा तपासा, किंवा तपासलं नाही, यांपैकी एक पूर्ण लिहा. रकाना कोरा सोडता येणार नाही असं करा. मशीन बंद होतं, रबरी टोकं संपली होती, रात्री सुट्टी झाली, जे खरं असेल ते लिहा. कोऱ्या रकान्यातून काहीच कळत नाही. 'टोकं संपली' असं महिनाभर लिहिलेलं दिसलं तर टोकं तरी येतील.

दीड महिन्याची लस हा सगळ्यात मोठा दुवा आहे. माहेरी असो की सासरी, वीटभट्टीवर असो की गावात, बहुतेक आया त्या लसीला बाळ घेऊन येतातच. लसीची नोंद आता यू-विन या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवर होते आणि दुसऱ्या जिल्ह्यात घेतलेली लसही दिसते. त्याच वेळी समोर 'कान: पुन्हा तपासा' असं लाल अक्षरात दिसलं असतं, तर त्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते झालं नसतं. आशाताईंच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. अठ्ठाविसाव्या दिवशीच्या कागदावर एक प्रश्न वाढवा: बाळाचे कान मशीनवर तपासले का, निकाल काय? घरी झालेली बाळंतपणं, मेळघाटातली असोत की आमच्याकडच्या कोलामांच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, तीही याच प्रश्नात सापडतील. पण आशाताईंचा एक प्रश्न वाढवताना दुसरं एखादं रजिस्टर कमी करा. त्यांच्या पिशवीचं वजन मी उचलून पाहिलं आहे.

खाजगी दवाखान्यांना यातून सोडू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, ती ते करतातच. तेवढ्याच ओळीत कानाचा निकाल द्यायला काय हरकत आहे? त्याशिवाय एकूण जन्म किती आणि त्यातले तपासले किती, हे कळणार नाही, आणि ते कळलं नाही तर 'शेकडो बाळं तपासली' हा आकडा चांगला की वाईट हेही कळणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती अधिकाऱ्यांना. या आकड्यावरून खालच्या कर्मचाऱ्याला नोटीस देऊ नका. ज्या महिन्यात 'पुन्हा तपासा' जास्त आले त्या महिन्यात खुलासा मागितला, तर पुढच्या महिन्यात सगळी बाळं पास होतील. वजनाच्या नोंदींत हे होताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वर गेलेली माहिती खाली परत आली पाहिजे. एकतीस वर्षांत मी किती अहवाल पाठवले त्याला मोजमाप नाही, पण तुमच्या उपकेंद्रातल्या अमक्या बाळाचं पुढं असं झालं, असा कागद मला वरून एकदाही आला नाही. तो यायला लागला तर रजिस्टर भरणाऱ्या बाईचा हातच बदलेल.

३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यानं तालुकावार आकडे जाहीर करावेत: जन्म किती, तपासले किती, पुन्हा बोलावले किती, आले किती, निदान किती महिन्यांचं असताना झालं, यंत्र कधी लागलं. संपादक महोदय, तुम्ही ते छापा. पहिल्या वर्षी आकडे लाजिरवाणे येतील, येऊ द्या. आणि यापुढं तपासणी शिबिराची बातमी येईल तेव्हा तुमच्या बातमीदाराला एवढंच विचारायला सांगा: रेफर किती, आणि त्यातले परत आले किती?

आमची ती पोर आता जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला आहे. बोलते. लांब वाक्य येत नाही, 'स' आणि 'श' अडखळतो, अनोळखी माणसाला समजत नाही. वाणी शिकवणाऱ्या बाईंकडे नागपूरला जावं लागतं. वेचणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे आईची दोन दिवसांची मजुरी गेली, तरी ती जाते. परवा पोर माझ्याकडे आली आणि कुकरची शिट्टी झाली तशी कानावर हात ठेवून म्हणाली, "बाई, वाजलं." मी गॅस बंद करायचा विसरले.

राहिलं ते तिसरं बाळ. त्याचं घर सापडलं नाही म्हणून हे पत्र त्याच्यासाठीही आहे. मुलगा आहे. आता सातेक वर्षांचा असेल, शाळेत असेल तर मागच्या बाकावर बसत असेल आणि बाई ओरडत असतील की लक्ष देत नाही. वर्धा किंवा यवतमाळकडच्या ज्या आयांची पोरं त्या सुमारास दवाखान्यात जन्मली, त्यांनी ट्रंकेतलं कार्ड एकदा काढून मागचं पान पाहावं. कोपऱ्यात निळ्या पेनानं ओएई आणि पुढं इंग्रजी आर असेल आणि नंतर पुन्हा तपासणी झाली नसेल, तर पोराला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात जा. वय जास्त झालं म्हणून थांबू नका. माझं नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे. सोबत कोणी नसेल तर मी येईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ